मोठे आरपीजी (स्वतःचं कॅरेक्टर घडवत खेळायचे रोल-प्लेइंग गेम) सगळ्यांना आवडावेत म्हणून उथळ होत गेले का?

उत्तररात्र

माझं मत आधीच सांगतो: हो, झाले. एल्डर स्क्रोल्स मालिका घेतो, कारण एकाच स्टुडिओने एकाच जगातून काय काय काढून टाकलं ते तिथे ओळीने दिसतं. तिच्या तिसऱ्या भागात, मॉरोविंडमध्ये (२००२) २७ स्किल्स (कॅरेक्टरची वाढवता येणारी कौशल्यं) होती, चौथ्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) २१ झाली, पाचव्या स्कायरिममध्ये (२०११) १८. ताकद, बुद्धी, चपळता वगैरे आठ मूळ गुण तर स्कायरिममध्ये पारच गेले. पण मला आकड्यांवरून भांडायचं नाही. मला सलतं ते वेगळंच.

मॉरोविंडच्या मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघटनेत, वरचं पद हवं असेल तर जादूची स्किल्स तेवढी वाढवावीच लागायची. नाही वाढवली तर तुम्ही कितीही कामं करा, बढती मिळायची नाही. स्कायरिममध्ये अख्खा गेम कुऱ्हाड चालवत खेळलेलं कॅरेक्टर मोजके सोपे मंत्र मारून विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजचं आर्चमेज, म्हणजे प्रमुख, होतं. तेच कॅरेक्टर कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या गटाचं प्रमुख आणि तेच चोरांच्या थीव्ज गिल्डचंही. मॉरोविंडमध्ये ह्लालू, रेडोरान, तेल्वानी अशी सामील होता येणारी तीन घराणी होती. एकात शिरलात की उरलेल्या दोघांची दारं बंद, आणि त्यांच्या क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) पाहायच्या तर नवा गेम सुरू करायचा.

कथेतलं महत्त्वाचं पात्र मारलंत तर मॉरोविंड एक संदेश दाखवायचा: भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुना सेव्ह उघडा किंवा या बुडालेल्या जगात तसेच राहा. आणि त्यानंतरही शेवटापर्यंत जायची एक आडवाट त्यांनी ठेवली होती! स्कायरिममध्ये अशा पात्रावर कितीही वार करा, ते गुडघ्यावर बसतं, थोड्या वेळाने उठतं आणि जग पुढे चालू.

पूर्वीचा गेम खेळणाऱ्याला ‘नाही’ म्हणू शकायचा. आताच्या मोठ्या गेमची ती हिंमत होत नाही, आणि याचं कारण मला एकच दिसतं. कोणीही, कसंही खेळलं तरी कोणाला काही कमी पडायला नको.

अवकाळी

ठाम असहमत. जुन्या गेममध्ये खोली होती त्याच्या दुप्पट किचकटपणा होता, आणि आठवणीत दोन्ही एक होऊन बसतात.

पहिला बाल्डर्स गेट (१९९८) घ्या. त्यात आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, शून्याच्या खाली गेला तर उत्तम. थॅको नावाचा, वार लागेल की नाही हे ठरवणारा आकडाही कमीच हवा. चिलखतावर मात्र ‘अधिक एक’ लिहिलेलं, म्हणजे प्रत्यक्षात एक वजा. हे सगळं डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम होते. मूळ खेळाच्याच तिसऱ्या आवृत्तीने २००० साली थॅको मोडीत काढला आणि त्यामुळे कोणाचाही एकही निर्णय सोपा झाला नाही, फक्त हिशोब सरळ झाला.

मॉरोविंडची डायरी आठवते ना? सगळ्या क्वेस्टच्या नोंदी तारखेनुसार एकाखाली एक. चाळीस पानं मागे जाऊन कोणी काय सांगितलं होतं ते शोधायचं. क्वेस्टनुसार लावायची सोय ट्रिब्युनल या विस्तारात आली. ती आली म्हणून मॉरोविंड उथळ झाला असं कोणी म्हणणार आहे का?

उलट डिस्को एलिझियम (२०१९) बघा. पारंपरिक लढाई नाहीच. २४ स्किल्स आहेत आणि ती तुमच्या डोक्यात बोलतात, एकमेकांशी वाद घालतात. एखादं स्किल फार वाढवलं तर ते तुम्हाला भलत्याच खात्रीने चुकीचा सल्ला देतं. सुरुवातीलाच पंख्याला अडकलेला टाय ओढताना अशक्त कॅरेक्टर हृदय बंद पडून मरू शकतं. तुमचं ‘नाही’ याहून स्पष्ट काय असणार? आणि हा आधुनिकच गेम आहे.

चांदणवेल

अवकाळीशी सहमत. दिवसभराचं काम आटोपून खेळायला तासभर मिळतो. त्यात अर्धा तास गुहेचं तोंड शोधण्यात गेला तर मी तो गेम सोडून देते. क्वेस्ट मार्कर, म्हणजे कुठे जायचं ते दाखवणारा बाण, मला हवाच आहे. ज्यांना नको त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा.

उत्तररात्र

चांदणवेल, वेळेचा मुद्दा मला पूर्ण मान्य. पण ‘बंद करावा’ हे म्हणायला सोपं आहे, स्कायरिममध्ये करून बघा. मार्कर बंद केला की कळतं, खाली काहीच नाही. क्वेस्ट देणारा माणूस ‘अमुक गुहेतून माझी वस्तू आण’ एवढंच बोलतो. गुहा कुठे, कोणत्या रस्त्याने, कसली खूण, काही सांगत नाही, कारण बाण दाखवणार आहे हे लिहिणाऱ्याने धरूनच चाललेलं असतं. मॉरोविंडमध्ये तोच माणूस सांगायचा: उत्तरेचा रस्ता धर, पूल ओलांडलास की डावीकडे वळ, पुढे दोन टेकड्यांच्या मधे दार दिसेल. म्हणून तुम्ही मान वर करून जग बघायचात. डोंगराचा आकार, वाटेवरचा खांब, वळण लक्षात ठेवायचात. आता डोळे होकायंत्राच्या पट्टीवर, आणि शेकडो कलाकारांनी घडवलेलं जग दोन्ही बाजूंनी नुसतं सरकत जातं. हे नुकसान सेटिंग बदलून भरून निघत नाही.

(कधी कधी तो माणूस दिशा चुकीचीही सांगायचा हे खरं. मला तेही आवडायचं.)

रानवारा

तुम्ही दोघंही पैशाबद्दल बोलत नाही आहात. मॉरोविंडमध्ये बहुतेक संवाद नुसता मजकूर होता. ऑब्लिव्हियनपासून सगळं आवाजात आलं. मजकुरात एक परिच्छेद वाढवायला लेखकाचा तेवढा वेळ लागतो. आवाजात वाढवायचा तर कलाकार, स्टुडिओ, संपादन, शिवाय शेवटच्या महिन्यात क्वेस्ट बदलली तर परत रेकॉर्डिंग.

पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) बुद्धीचा आकडा फार कमी ठेवला तर तुमचं कॅरेक्टर धड वाक्य बोलू शकायचं नाही आणि लोकही तुमच्याशी तसंच वागायचे. फॉलआउट ४ मध्ये (२०१५) नायकालाही आवाज दिला, स्त्री आणि पुरुष असे दोन. उत्तरं चारच, चार बटणांवर, आणि त्यातली बरीच त्याच ठिकाणी पोचतात. मंदबुद्धी कॅरेक्टर तिथे करायचं म्हणजे नायकाचे कितीतरी संवाद पुन्हा रेकॉर्ड करायचे, तेही दोनदा. निर्मात्यांना खोली नको होती असं मी म्हणणार नाही. थोड्याच लोकांना दिसेल अशा कथेच्या फांदीवर एवढा खर्च करायला कोणी तयार होत नाही, इतकंच.

कातळ

रानवारा, मग फॉलआउट: न्यू वेगास (२०१०) कसा झाला? फॉलआउट ३ चंच इंजिन, संवाद आवाजात, मार्कर आहेत, कन्सोलवर विकला, आणि ऑब्सिडियन या स्टुडिओला तो करायला जेमतेम दीड वर्ष मिळालं. तरी जवळपास प्रत्येक पात्र मारता येतं. कथा मग अडकत कशी नाही? कारण येस मॅन हा रोबो. त्याला फोडलं तर तो दुसऱ्या रोबोच्या शरीरात परत येतो. बाकी सगळ्या गटांशी वैर घेतलंत तरी शेवटापर्यंत एक वाट उरतेच. एका पात्रावर डोकं लावलं आणि बाकी सगळ्यांना मरायची मोकळीक मिळाली. उत्तररात्र, तुमच्या आडवाटेचाच हा भाऊ.

आणि एल्डन रिंग (२०२२)? क्वेस्टची यादीच नाही. कोणी काय सांगितलं ते तुम्ही लक्षात ठेवा. पात्रं न सांगता जागा बदलतात, उशीर झाला तर मरतात. पहिल्या तीन आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती गेल्या. ‘जास्त लोक हवेत म्हणून सोपं करावं लागतं’ हे गृहीतकच तिथे कोसळतं. लोकांना झेपणार नाही हे ठरवणारे खेळणारे नव्हेत.

रानवारा

न्यू वेगासमध्ये नायकाला आवाजच दिलेला नाही, कातळ. माझा मुद्दा तिथेच सिद्ध होतो.

अवकाळी

आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३)? संवाद आवाजात, चेहरे जिवंत, नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे म्हणजे थॅकोपेक्षा कितीतरी सुटसुटीत. त्यात मेलेल्यांशी आणि जनावरांशी बोलता येतं, शत्रूला कड्यावरून ढकलता येतं, कथेतल्या मोठ्या पात्रांना मारताही येतं. पहिल्याच अंकात तुम्ही ड्रूइडांच्या (निसर्गपूजकांच्या) वस्तीवर हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने गेलात तर काही सोबती कायमचे जातात. द गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमही तोच ठरला.

उत्तररात्र, तुम्ही वर स्कायरिमबद्दल जे बोललात त्याला मात्र माझ्याकडे उत्तर आहे. असॅसिन्स क्रीड ओडिसीमध्ये (२०१८) एक्सप्लोरेशन मोड आहे. मार्कर येत नाही, त्याऐवजी ‘अमुक प्रदेशात, तमुक ठिकाणाच्या पूर्वेला’ असे धागे मिळतात. म्हणजे दोन्ही प्रकारच्या खेळणाऱ्यांसाठी लिहिता येतं, आणि ते एका अतिशय लोकप्रिय मालिकेने केलं.

उत्तररात्र

ओडिसीचं उदाहरण चांगलं आहे आणि मला नेमकं तेच हवंय: बाण हवा त्याला बाण, पण खालचं वर्णन खरोखर लिहिलेलं. चांदणवेलची सोय जाऊ नये, माझीही होऊ द्या.

बाल्डर्स गेट ३ मलाही अतिशय प्रिय आहे, पण तो कसा झाला ते बघा. ऑक्टोबर २०२० ला अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला, आला आणि जवळजवळ तीन वर्षं लोकांच्या हातात असताना घडत राहिला. तो करणारा स्टुडिओ लॅरियन स्वतःच स्वतःचा प्रकाशक आहे. रानवाराने सांगितलेला खर्च त्यांनी टाळला नाही, अंगावर घेतला. कथेची एखादी फांदी फक्त काही जणांनाच दिसेल हे माहीत असूनही ती बांधली. ज्या स्टुडिओला वर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं तिथे ही फांदी पहिली कापली जाते, आणि कापताना ‘खेळणाऱ्याला सोपं जावं’ असं कारण दिलं जातं. म्हणून माझं मत तेच आहे.

एल्डर स्क्रोल्सचा सहावा भाग २०१८ मध्ये जाहीर झालाय. तो येईल तेव्हा नकाशा किती मोठा, ग्राफिक्स कसे, हे मी बघणार नाही. कुऱ्हाड घेऊन जादूगारांच्या गिल्डमध्ये जाईन आणि बढती मागेन.