दंड गेला म्हणजे कायदा गेला नाही

ओबामाकेअर, म्हणजे अमेरिकेचा आरोग्यविम्याचा कायदा, ट्रम्पने मोडीत काढला, असं इथल्या चर्चेत दोघांनी लिहिलंय. एकाने आनंदाने, एकाने रडत. दोघंही चूक. 2017च्या करकायद्याने विमा न घेतल्याचा केंद्रीय दंड 2019पासून शून्य केला, एवढंच. जुन्या आजारावरून विमा नाकारायचा नाही, हा नियम शाबूत आहे. न्यू जर्सीत तर 2019पासून राज्याचा स्वतःचा दंड आहे आणि तो राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्येच भरावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून 'दंड गेला' म्हणणाऱ्यांनी जपून.

राजकारण बाजूला ठेवून ग्रीनकार्डवर आलेल्या आईवडिलांचं बघा. वय पासष्टच्या वर असलं तरी अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकतही मिळत नाही, आणि मुलाने भरलेला मेडिकेअर टॅक्स त्यांच्या खात्यात धरत नाहीत. तोवर मार्केटप्लेसचा, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमाबाजारातला, प्लॅन घेता येतो. पण आल्यापासून 60 दिवसांत अर्ज करा, नाहीतर पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत (वर्षातून एकदा सगळ्यांसाठी उघडते ती) थांबणं आलं. लोक अडकतात ते सबसिडीत, म्हणजे हप्त्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत. मुलाने त्यांना रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलं की मुलाचा पगारही हिशेबात येतो. म्हणून आईवडिलांनी वेगळं रिटर्न भरायचं, तर 2025च्या नव्या कायद्याने 2026पासून दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नावर अशा नवागतांची सबसिडी बंद केली. भारतातलं पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं हेही उत्पन्नच. ते दाखवून उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या वर गेलं तर हे कलम लागत नाही, म्हणून लपवण्यापेक्षा दाखवणंच इथे उलट फायद्याचं. भांडायचं तर या कलमावर भांडा ना!