ऑफिसातली घड्याळं जुळवायला महागडा जीपीएस टाइम सर्व्हर हवाच का?

कळफलक: आमच्याकडे तीसेक पीसी, हजेरीचं मशीन आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा एनव्हीआर. परवा कॅमेऱ्यात माणूस ११:५२ ला आत येताना दिसतो आणि हजेरीत तोच १२:०० ला! विक्रेता जीपीएस टाइम सर्व्हर, म्हणजे उपग्रहावरून वेळ घेऊन सगळ्यांना देणारं यंत्र, घ्या म्हणतोय. माझं मत, कपाटातला जुना पीसी काढा, लिनक्सवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम टाका. तो एकटा इंटरनेटवरून वेळ घेईल, बाकीचे त्याच्याकडून. खर्च शून्य.

तारजोडणी: शून्य कसा? ६५ वॅट खाणारा पीसी चोवीस तास चालला तर रोज दीड युनिट, वर्षाला साडेपाचशेच्या वर. तुमचा राउटर एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवर बाकीच्यांना वेळ पुरवणारा) होऊ शकतो का ते आधी बघा. बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते आणि कोणी ती चालूच करत नाही.

उपग्रह: आणि नेट गेलं की? रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला साधं जीपीएस मॉड्यूल जोडा, अँटेना खिडकीत ठेवा, काही हजारांत काम होतं. फक्त पीपीएसची (दर सेकंदाला एक ठोका देणारी) तार जोडायला विसरू नका. नुसत्या सिरीयल तारेवरून येणारी वेळ काही दशांश सेकंद इकडेतिकडे होते. पीपीएसने मायक्रोसेकंदांत येते.

कळफलक: हजेरीला मायक्रोसेकंद कशाला? विंडोज डोमेनचं (ऑफिसभराच्या पीसींचं एकत्रित) लॉगिनसुद्धा मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांचा फरक चालवून घेतं. नेट गेलं तरी क्रोनीत 'लोकल स्ट्रॅटम १०' लिहिलेलं असलं की पीसी वेळ देतच राहतो. पीसीतलं क्वार्ट्झ घड्याळ २० पीपीएमने (दहा लाखांत २०) चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, आणि सगळे एकत्रच चुकतात. आपल्याला नोंदी एकमेकांशी जुळायला हव्यात.

लॉगबुक: इथे मी ठाम विरोधात आहे. एकमेकांशी जुळून भागत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचा: घड्याळं एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळलेली हवीत. लॉगही (यंत्रणांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे. उद्या पोलिसांना फुटेज द्यावं लागलं तर तुमची घरगुती वेळ कोण मानणार? राउटर असो की पीसी, त्यात एनआयसीचे सर्व्हर भरा. फुकट आहेत.

उपग्रह: भरा, पण दोनच भरून थांबू नका. दोघांत फरक पडला तर खोटा कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही. चार द्या.

तारजोडणी: आणि हजेरीच्या मशीनमध्ये एनटीपीचा पर्याय आहे का ते आज तपासा. तो नसेल तर वरचं काहीही घेतलं तरी ते १२:०० च दाखवणार.