घरी डिस्टॉर्शन पेडल बनवायचं आहे: कोणतं सर्किट घ्यावं, नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) काय मिळेल, पुढे काय बदलता येईल?

सहा_तारा
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गिटारसाठी घरीच डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा, पायाने चालू-बंद करायचा डब्बा) बनवून राहिलो. सोल्डरिंग जमते, मल्टिमीटर साधा पिवळा ८३० आहे. गिटारला दोन सिंगल कॉइल पिकअप आणि ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा, घूं कमी पकडणारा पिकअप), ॲम्प १५ वॅटचा ट्रान्झिस्टरवाला. दोन सर्किटं समोर आहेत: जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ फेस, नाहीतर ७४१ आयसीचं एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस. आधी कोणतं करावं? सामान शक्यतो बर्डीतूनच घ्यायचं आहे, आणि पुढे त्यात बदल करता आले पाहिजेत.

शून्यबोर्ड
भाऊ, डोळे मिटून डिस्टॉर्शन प्लस.

फझ फेस १९६६ चं, पार्ट मोजून दहा-बारा, कागदावर सगळ्यात सोपं दिसतं. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा लीकेज करंट (नको असताना गळणारा करंट) दर ८-१० अंशांना साधारण दुप्पट होतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत बायस (ट्रान्झिस्टरवरचे स्थिर व्होल्ट) नीट लावला, तर नवतप्यात ४५ अंशांवर लीकेज चौपट झालेला असतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट लागतात, ते जागचे हलतात. मग नोट अर्धवट तुटते, नाहीतर आवाज घुसमटतो. नागपुरात ते पेडल वर्षभर एकसारखं वाजणं कठीण. शिवाय लीकेज मोजून निवडलेली जोडी लागते, दुकानदार ती मोजून देत नाही. पुढे करायचंच झालं तर सिलिकॉनचं करा, किंवा बायसला ट्रिमपॉट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) ठेवा.

डिस्टॉर्शन प्लसमध्ये आयसी सिलिकॉनचा. डायोड जर्मेनियमचे असले तरी ते फक्त सिग्नलचं डोकं छाटतात, २० अंशांनी त्यांच्यात फार तर ४० मिलिव्होल्टचा फरक पडेल. कानाला कळत नाही.

सर्किट शब्दांत सांगतो, नकाशा जवळ ठेवून ताडून पाहा.

इनपुटपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. इनपुटपासूनच पुढे १० नॅनोफॅरड, मग १० के (के म्हणजे किलोओहम, मेग म्हणजे मेगाओहम), मग आयसीची पिन ३. पिन ३ ला १ मेगमधून ९ चे अर्धे, म्हणजे ४.५ व्होल्ट द्यायचे. ते अर्धे व्होल्ट १ मेग-१ मेगच्या जोडीतून येतात आणि त्या मधल्या बिंदूवर १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ग्राउंडला जातो. पिन ६ पासून पिन २ ला १ मेग. पिन २ पासून ग्राउंडकडे ४७ नॅनो, ४.७ के आणि ५०० के चा गेन पॉट (गेन म्हणजे सिग्नल किती पट होतो ते, पॉट म्हणजे फिरवायचा रेझिस्टर), तिन्ही एकामागे एक. पिन ७ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. १, ५ आणि ८ रिकाम्या.

बाहेर येताना पिन ६ पासून १ मायक्रोफॅरड, प्लसचा पाय आयसीकडे, कारण तिकडे ४.५ व्होल्ट उभे असतात. मग १० के, मग ग्राउंडला दोन डायोड उलटसुलट आणि त्यांना समांतर १ नॅनो. तिथूनच व्हॉल्यूम पॉट. मुळात तो १० के चा आहे, १०० के लावला तरी छान चालतो.

गेन पूर्ण उघडला की १ मेग भागिले ४.७ के अधिक १, म्हणजे साधारण २१३ पट. पूर्ण बंद केला तर ३ पट. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या बदलांना तेच लागतात.

बर्डीकर
सामानाचं मी सांगतो. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ७४१, १एन४१४८ (साधा सिलिकॉन डायोड), पाव वॅटचे रेझिस्टर, आयसी बेस, झिरो बोर्ड हे सगळं सहज मिळतं. नॅनोफॅरड बोलू नका, नंबर सांगा: १ नॅनोला १०२, १० नॅनोला १०३, ४७ नॅनोला ४७३, १०० नॅनोला १०४. सिग्नलच्या वाटेवरचे १०३ आणि ४७३ पॉलिएस्टरचे मागा. पिवळसर सिरॅमिक डिस्क देतील, तेही चालतात, पण त्यांची किंमत छापल्यापेक्षा बरीच इकडेतिकडे असू शकते.

आयसी थेट बोर्डावर सोल्डर करू नका. ८ पिनचा बेस घ्या. पुढे आयसी बदलून ऐकायची आहेच.

जर्मेनियम डायोड घेताना डोळे उघडे ठेवा. १एन३४ए किंवा १एन६० म्हणून जे हातात ठेवतात ते बरेचदा शॉटकी (कमी व्होल्ट खाणारे सिलिकॉनचे डायोड) असतात. काच उजेडासमोर धरा: अस्सल पॉइंट-कॉन्टॅक्ट डायोडमध्ये केसासारखी बारीक, वाकडी तार एका टोकाला टेकलेली दिसते. शॉटकीही डोकं छाटतो, पेडल वाजेलच, पण छाटणी जरा कडक ऐकू येते. तेव्हा जर्मेनियमचे पैसे देऊन शॉटकी घरी आणू नका. मिळालेच नाहीत तर सरळ १एन४१४८ लावून सुरुवात करा.

९ पायांचा पायाने दाबायचा स्विच, म्हणजे ३पीडीटी, बर्डीत असेलच असं नाही. तो ऑनलाइन मागवलेला बरा. मागवतानाच दोन मागवा.

सहा_तारा
धन्यवाद दादा, यादी झाली. दोन शंका. गेनचा ५०० के पॉट कोणता, बी की ए? आणि डब्बा कशाचा? प्लास्टिकचा टिफिन चालेल काय?

ओहम_ताई
पॉटच्या प्रश्नावर बरेच जण अडतात, म्हणून सविस्तर.

बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग. या सर्किटात गेन पॉटच्या रेझिस्टन्सच्या उलट प्रमाणात चालतो. बी५००के अर्ध्यावर ठेवला की २५० के उरतात, गेन जेमतेम ५ पट. नव्वद टक्क्यांवर ५० के उरतात, तेव्हा १९ पट. म्हणजे १९ पासून २१३ पर्यंतची सगळी गंमत शेवटच्या बोटभर फिरवण्यात कोंबलेली. वाजवताना हवा तो गेन सापडतच नाही.

याला सी, म्हणजे उलटा लॉग पॉट लागतो. तो इथे क्वचित मिळतो. उपाय सोपा आहे: गिटारच्या हंबकरला व्हॉल्यूमसाठी लावतात तो ए५००के घ्या आणि पाय १ व २ वापरा. मग गेन घड्याळाच्या उलट दिशेने वाढेल, पण सगळ्या फेरीत सारखा पसरेल. पॅनेलवर तसा बाण काढून ठेवा.

डब्बा प्लास्टिकचा नको. २१३ पट गेनसमोर उघडी वायर म्हणजे अँटेनाच. ॲल्युमिनियमचा १५९०बी मापाचा डब्बा साधारण ११२ × ६० × ३१ मिलिमीटरचा, त्यात बॅटरी, स्विच आणि दोन पॉट दाटीवाटीने बसतात. मागवायचा नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातला मॉड्युलर स्विचचा पत्र्याचा बॉक्स घ्या आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने कसा. दिसायला ओबडधोबड, पण शिल्डिंग पूर्ण. पायाखाली दबणार आहे, तेव्हा पट्टी २ मिलिमीटरपेक्षा पातळ नको.

भोकं: स्विचला १२ मिलिमीटर, जॅकला साडेनऊ, १६ मिलिमीटरच्या पॉटला ७. आधी ३ मिलिमीटरने पाडा, मग स्टेप ड्रिलने वाढवत जा. थेट १२ चं बिट लावलं तर पत्रा फाटतो आणि भोक तिरपं होतं.

आणि एक महत्त्वाचं. ॲडॅप्टरचा सॉकेट प्लास्टिक बॉडीचाच घ्या. गिटार पेडलच्या जगात मधली पिन मायनस असते, बाहेरचा भाग प्लस. धातूच्या सॉकेटचा बाहेरचा भाग डब्ब्याला टेकतो आणि डब्बा तर ग्राउंड आहे. म्हणजे चालू करताच ९ व्होल्टचा थेट शॉर्ट.

बर्डीकर
ताईंच्या सॉकेटच्या मुद्द्याला जोडून: राउटरचे ९ व्होल्टचे ॲडॅप्टर घरोघरी पडलेले असतात, पण त्यांची मधली पिन सहसा प्लस असते. उलटे व्होल्ट गेले की आयसी जागीच जातो. प्लसच्या वाटेवर १एन५८१७ शॉटकी डायोड टाका, पाव व्होल्टच खातो. त्यामागे १०० ओहम आणि ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, म्हणजे ॲडॅप्टरची गुणगुण बरीच खाली येते. ट्रान्सफॉर्मरवाला स्वस्त ॲडॅप्टर भार नसताना ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट देतो. त्याने आयसी मरत नाही, पण १६ व्होल्टचे कंडेन्सर काठावर येतात. २५ व्होल्टचे लावा.

बॅटरीवर चालवणार असाल तर इनपुटचा जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीचा मायनस त्याच्या रिंगला जोडा. केबल काढली की बॅटरी आपोआप बंद. आयसी दीड-पावणेदोन मिलिॲम्पिअर घेतो, ४.७ के मधून एलईडी दीड. अल्कलाईन बॅटरी शंभर तासांच्या वर जाते.

सहा_तारा
बोर्ड झाला, डब्ब्यात बसवला, आवाज येतो. पण पिन ३ वर १.८ व्होल्टच दिसून राहिले, ४.५ पाहिजेत ना? आयसी बदलला तरी तोच आकडा. दुसरं, गेन पूर्ण केला की गिटार न वाजवताही बारीक शिट्टी येते.

शून्यबोर्ड
पहिली अडचण पेडलमध्ये नाहीच, मीटरमध्ये आहे.

८३० मीटरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स १ मेग असतो. तुमच्या पिन ३ पर्यंत व्होल्ट पोचतात ते १ मेग-१ मेगच्या जोडीतून, म्हणजे ५०० के, आणि वर बायसचा १ मेग. एकूण दीड मेगच्या मागून तुम्ही १ मेगचा मीटर लावला. ४.५ गुणिले १ भागिले २.५, बरोबर १.८. प्रोब टेकवला तेवढा वेळच पिन ३ खाली बसते. १० मेगचा मीटर असता तरी ३.९ दिसले असते.

पिन ६ वर मोजा. आयसीच्या आउटपुटला मीटरचं ओझं वाटत नाही. तिथे ४.२ ते ४.६ आले तर बायस पक्का. पिन ६ थेट ८ व्होल्टच्या आसपास किंवा १-२ वर चिकटलेली असेल तरच काळजी, आणि तेव्हा आधी ४७३ तपासा. तो शॉर्ट असेल तर डीसीसुद्धा गुणला जातो आणि आउटपुट एका बाजूला जाऊन बसतं.

ओहम_ताई
शिट्टीचं कारण वायरिंग. हे सर्किट नॉन-इन्व्हर्टिंग आहे, जे आत जातं तेच त्याच दिशेने मोठं होऊन बाहेर येतं. आउटपुटची वायर इनपुटच्या वायरला चिकटून गेली की थोडा सिग्नल परत आत शिरतो, पुन्हा २१३ पट होतो, आणि फेरा सुरू. स्विचपाशीच हे घडतं, कारण तिथे दोन्ही वायरी शेजारी येतात.

डब्बा उघडा, चालू ठेवा, आणि लाकडी काडीने इनपुटची वायर बाजूला सरकवा. शिट्टीचा सूर बदलला किंवा थांबली तर कारण पक्कं. मग स्विचपासून बोर्डापर्यंतची इनपुट वायर शिल्डेड टाका, जाळी फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंड करा, दुसऱ्या टोकाला कापून स्लीव्ह चढवा. आउटपुट डब्ब्याच्या दुसऱ्या कडेने न्या. पिन ७ आणि ४ च्या मध्ये, अगदी बेसच्या पायाशी, एक १०४ लावा.

स्विचवर सोल्डर करताना एका पायाला तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न नको. एक पाय झाला की शेजारचा सोडून लांबचा घ्या. प्लास्टिक मऊ झालं की आतला संपर्क तिरपा होतो आणि स्विच कधी लागतो, कधी नाही.

सहा_तारा
ताई, वायर सरकवली आणि शिट्टी गेली, आता शिल्डेड टाकतो. पिन ६ वर ४.४ आहेत. आता बदलांचं सांगा. १एन४१४८ आहेत सध्या. आवाज टोकदार वाटतो, आणि हंबकरवरही खर्ज कमी.

शून्यबोर्ड
खर्ज कमी आहे तो मुद्दामच. ४७ नॅनो आणि ४.७ के मिळून ७२० हर्ट्झच्या खालचं कमी गुणतात, आणि तेही पूर्ण गेनवर. गेन कमी केला की पॉटचा रेझिस्टन्स त्यात मिळतो आणि खर्ज आपोआप परत येतो. १०० नॅनो लावलं तर सीमा ३४० हर्ट्झवर येते, २२० नॅनोने १५४ वर. १०० वर थांबा. त्यापुढे जाड तारांवर पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांवरचा सुरांचा जोड) लावला की सगळं चिखल होतं, कारण खर्जच आधी डायोडपर्यंत पोचून बाकीच्या सुरांना दाबतो.

डायोडसाठी मध्ये बंद असलेला तीन स्थितींचा टॉगल लावा. एका बाजूला १एन४१४८ ची जोडी, दुसरीकडे लाल एलईडीची, मध्ये काहीच नाही. सिलिकॉन साधारण ०.६ वर छाटतो, जर्मेनियम ०.३ वर, लाल एलईडी १.७ च्या आसपास. एलईडीवर आवाज एकदम मोठा होतो आणि पिकिंगचा जोर जास्त कळतो. टॉगल करताना व्हॉल्यूम खाली घ्या. मधल्या स्थितीत फक्त आयसीच छाटतो. निळा एलईडी ३ व्होल्टचा, ९ व्होल्टवर आयसी तिथपर्यंत जेमतेम पोचतो, त्यामुळे मधल्या स्थितीत आणि त्याच्यात फारसा फरक नाही.

बर्डीकर
टोकदारपणासाठी टीएल०७१ लावून पाहा, पिना त्याच आहेत. आवाज कितीतरी स्वच्छ.

शून्यबोर्ड
इथे मी सहमत नाही भाऊ. ७४१ चा गेन-बँडविड्थ (गेन गुणिले तो कुठवर टिकतो ती फ्रिक्वेन्सी) १ मेगाहर्ट्झ. २१३ पट गेनवर तो पावणेपाच किलोहर्ट्झच्या वरचं सोडून देतो. टीएल०७१ चा ३ मेगाहर्ट्झ, म्हणजे १४ किलोहर्ट्झपर्यंत सगळं बाहेर. ट्रान्झिस्टर ॲम्पच्या स्पीकरवर ते अजून टोचेल. गिटारवादक रँडी ऱ्होड्स यांनी वापरलेल्या डिस्टॉर्शन प्लसचा जो आवाज आपण शोधतो, त्यात ७४१ च्या या आळशीपणाचा वाटा आहे. ७४१ ठेवा आणि डायोडच्या समांतरचा १०२ काढून ३३२ (३.३ नॅनो) लावा.

बर्डीकर
स्वच्छ ॲम्पवर, गेन अर्ध्याच्या खाली ठेवून मला टीएल०७१ च बरा वाटतो. बेस आहेच, दोन्ही ऐकून ठरवा.

सहा_तारा
३३२ ने छान झालं, टॉगलही लावतो. शेवटचं: संध्याकाळी गेन वाढवला की घूं आवाज येतो, सकाळी नाही.

ओहम_ताई
संध्याकाळी कूलर सुरू असतो काय? गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली तर ती पिकअपमधून येते. कूलरच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल थेट पकडते आणि पेडल ते २०० पट करतं. हंबकरवर जा, किंवा गिटार हातात धरून हळूहळू फिरा, एका कोनात ती बरीच कमी होते. कूलरपासून दोन-तीन मीटर लांब बसा. पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर त्याची किरकिर वेगळी ऐकू येते. रेग्युलेटर पूर्ण पाचवर नेला की ती बहुधा थांबते.

व्हॉल्यूम शून्य करूनही घूं राहिली तर पेडल बॅटरीवर चालवून पाहा. तेव्हा गेली तर ॲडॅप्टर बदला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तरीही पेडलला बॅटरीच लावा, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर ॲडॅप्टरमधून फार घाण आत आणतो. आणि घूं घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तो करंट गिटारच्या तारांवर, म्हणजे तुमच्या हातात येईल.