एचडी डीव्हीडी की ब्लू-रे? एकच सिनेमा दोन्हींवर लावला, फरक दिसेना

रावेरचा_केळीवाला

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. घर बदलताना त्याने जुनं सामान काढलं आणि माझा नाद माहीत असल्यामुळे तोशिबाचा एचडी-ए२ प्लेयर आणि खोकंभर एचडी डीव्हीडी येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती पाठवून दिल्या. (एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे हे डीव्हीडीनंतर आलेले, जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कचे दोन प्रतिस्पर्धी प्रकार.) माझ्याकडे भारतात घेतलेला ब्लू-रे प्लेयर आहे, ५५ इंची ४के टीव्ही आहे आणि ५.१ चा रिसीव्हर आहे. दोन्ही प्लेयर एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलेत.

खोक्यात वॉर्नर या स्टुडिओचा एक सिनेमा असा निघाला की त्याची ब्लू-रे माझ्याकडे आधीपासून आहे. रात्री दिवे घालवून आलटून पालटून लावला. नेटवर वाचतो तर ब्लू-रे ५० जीबीची, एचडी डीव्हीडी ३० जीबीची. ब्लू-रे १०८०पी (सगळ्या ओळी एकदम), आणि हा ए२ फक्त १०८०आय (एकाआड एक ओळी) देतो. म्हणजे फरक ढळढळीत दिसायला हवा ना? मला काही दिसला नाही. आवाज उलट एचडी डीव्हीडीचा जास्त भरीव वाटला, पण तो मनाचा खेळ असेल. बायकोला विचारलं तर म्हणाली, दोन्हीत हिरो तोच आहे, झोपा आता.

डोळे तपासून घेऊ की नेटवरचे लोक पुड्या सोडतात? आणि हे खोकं ठेवायचं की वाटून टाकायचं?

धुळेकर_आग्रारोड

भाऊ, भंगारमा दी टाक. एचडी डीव्हीडीच्या मागे उभ्या असलेल्या तोशिबाने स्वतः १९ फेब्रुवारी २००८ ला हात वर केले, त्याला आता किती वर्षं झाली बघ. लेन्स गेली तर जळगावच्या गोलाणी मार्केटात कोणी हातही लावणार नाही. त्यापेक्षा ४के ब्लू-रे प्लेयर घे आणि मोकळा हो.

अमळनेरचा_कॅसेटवाला

धुळेकर, भंगारात देण्याची एवढी घाई करू नका. केळीवाले, तुझे डोळे शाबूत आहेत.

माझी अमळनेरला व्हिडिओ लायब्ररी होती. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी. मोजर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली तेव्हा भाड्याने नेणारं गिऱ्हाईक संपलं, आणि मी लोकांच्या घरी होम थिएटर बसवायला लागलो. धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे त्या काळात दोन्ही होतं. एचडी डीव्हीडी अमेरिकेतल्या मुलाने आणलेली, आणि ब्लू-रेसाठी सोनीचा पीएस३ गेम कन्सोल. प्रोजेक्टर, मोठा पडदा, जाड पडद्यांची खोली. डॉक्टरांना वाद घालायला माणूस लागायचा आणि मला फुकट सिनेमा. त्यामुळे या विषयावर मी जे बोलतो ते ऐकीव नाही.

आधी हे समजून घे की निळसर-जांभळा लेसर दोघांचा एकच, ४०५ नॅनोमीटरचा. वेगळं काय, तर ब्लू-रेची लेन्स जास्त तीव्र, तिचा आकडा ०.८५. एचडी डीव्हीडीची ०.६५. लेन्स तीव्र म्हणजे किरणाचा ठिपका बारीक, ठिपका बारीक म्हणजे रेघा जवळजवळ. म्हणून ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात आणि एचडी डीव्हीडीच्या थरात १५. पण एवढ्या तीव्र लेन्ससाठी माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला, आणि ओरखडे पडू नयेत म्हणून वर कडक लेप द्यावा लागला. एचडी डीव्हीडीत तो थर साध्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत. त्यामुळे डीव्हीडीच्याच कारखान्यात थोडे बदल करून ती छापता यायची. तोशिबाचा सगळा डाव त्या स्वस्ताईवर होता.

आता चित्र. चित्रासाठी ब्लू-रेला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा, एचडी डीव्हीडीला २९ च्या थोडं वर. कागदावर ब्लू-रे पुढे, यात वादच नाही. पण जरा हिशेब कर. दोन तासांचा सिनेमा सरासरी २० मेगाबिटने भरला तर १८ जीबी होतात. आवाजाचे दोन-तीन जीबी धर. ३० जीबीत आरामात बसला की नाही? मग उरलेले २० जीबी ब्लू-रेवर असून करायचं काय?

वॉर्नर त्या काळात दोन्हींवर सिनेमे काढायची, आणि बहुतेक वेळा एकदाच व्हीसी-१ या पद्धतीने चित्र दाबून (कमी जागेत बसवून) तीच फाइल दोन्ही डिस्कवर टाकायची. ३० जीबीत बसेल अशी ती केलेली असायची. तू जे दोन बाजूंनी पाहिलंस ते बहुधा एकच चित्र होतं, फरक कुठून दिसणार?

गंमत म्हणजे २००६ मध्ये पहिल्या काही महिन्यांत ब्लू-रेच मागे होती. एचडी डीव्हीडी एप्रिलमध्ये आली, ब्लू-रे जूनमध्ये. सुरुवातीच्या बऱ्याच ब्लू-रे एका थराच्या, २५ जीबीच्या, आणि चित्र जुन्या एमपेग-२ मध्ये. एमपेग-२ ला तेवढ्याच दर्जासाठी व्हीसी-१ किंवा एव्हीसी या नव्या पद्धतींच्या दुप्पटीच्या आसपास जागा लागते. त्यात वर न दाबलेला पीसीएम आवाज, सहा चॅनल, १६ बिट, म्हणजे सेकंदाला ४.६ मेगाबिट, दोन तासांचे चार जीबी. राहिलं काय चित्राला? धुराच्या, अंधाराच्या दृश्यांत ठोकळे दिसायचे. दोन थरांच्या डिस्क आणि एव्हीसी आल्यावर ब्लू-रे सुधारली आणि मग सुधारतच गेली.

जागेची खरी चणचण लांब सिनेमाला पडते. तीन तासांचा हिंदी सिनेमा त्याच दराने धर. चित्राचेच २७ जीबी, आवाज वेगळा, मग ३० जीबी म्हणजे दीड मीटर कापडात तीन भावांचे सदरे. आपल्याकडच्या सिनेमांसाठी ५० जीबी हवेच होते, एवढं मी डॉक्टरांच्या पुढ्यातही कबूल करायचो. ते तोशिबाच्या बाजूचे.

१०८०आयला घाबरू नको. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. प्लेयर प्रत्येक फ्रेमच्या विषम आणि सम ओळी वेगवेगळ्या करून सेकंदाला ६० तुकडे पाठवतो, एका फ्रेमचे तीन, पुढचीचे दोन, असं आलटून पालटून. ओळ एकही गळत नाही. टीव्हीने नीट जोडलं की पूर्ण १०८० ओळी परत. तुझ्या टीव्हीत चित्राच्या सेटिंगमध्ये फिल्म मोड किंवा त्या अर्थाचं काही असेल ते चालू आहे ना बघ. फरक शोधायचाच असेल तर कॅमेरा हळू आडवा फिरतो तिथे शोध. ब्लू-रे २४ वर पाठवत असेल तर ते दृश्य सरळ सरकेल, ए२ वर तीन-दोनच्या हिशेबामुळे बारीक हिसके बसतील. चेहऱ्यावरचे केस मोजत बसलास तर रात्र जाईल.

नंदुरबारची_मिरची

कॅसेटवाले काका, मग हरली कशी? एवढी चांगली होती तर.

अमळनेरचा_कॅसेटवाला

चित्रावरून हरलीच नाही. सोनीने प्रत्येक पीएस३ मध्ये ब्लू-रे घालून दिली. खेळायला घेतलेलं खोकं आपोआप प्लेयर झालं. तोशिबाने भाव पाडले, नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत हाच ए२ शंभर डॉलरच्याही खाली विकला. पॅरामाउंट त्याआधी ऑगस्टमध्ये पूर्ण एचडी डीव्हीडीकडे गेली होती, युनिव्हर्सल पहिल्यापासून तिकडेच. पण डिस्ने, फॉक्स आणि सोनी ब्लू-रेकडे, आणि ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. तिथेच निकाल लागला. दीड महिन्यात तोशिबाने गाशा गुंडाळला. दुकानदारीत माल कुणाकडे येतो हेच शेवटी बघतात, हे मला व्हीसीडीच्या धंद्याने शिकवलेलं.

रावेरचा_केळीवाला

काका, फिल्म मोड बंदच होता. चालू केल्यावर ए२ चं चित्र अजून सुधारलं, आणि आडव्या दृश्यातले हिसकेही सापडले. एकदा दिसले की दिसतच राहतात, हे मात्र बरं केलं नाही तुम्ही.

आवाजाचं काय? रिसीव्हरवर ट्रूएचडीचा (डॉल्बीच्या, दर्जा न घटवता दाबलेल्या आवाजाचा) दिवा लागत नाही, नुसतं मल्टी चॅनल पीसीएम लिहून येतं. तरी ब्लू-रेपेक्षा भारी वाटतं.

अमळनेरचा_कॅसेटवाला

दिवा लागणारच नाही. ए२ ट्रूएचडी स्वतःच उलगडतो आणि तयार पीसीएम एचडीएमआयने पाठवतो. मालात काही कमी होत नाही. ऑप्टिकल वायरने नेलंस तर मात्र तो सगळं डीटीएस या दर्जा घटवून दाबलेल्या प्रकारात करून पाठवेल, ते करू नको.

आणि तुझा कान बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. दोन्ही खोक्यांची मागची बाजू वाच. वॉर्नरने तेव्हा बऱ्याच सिनेमांच्या एचडी डीव्हीडीवर ट्रूएचडी दिला आणि ब्लू-रेवर नुसता डॉल्बी डिजिटल, ६४० किलोबिटचा. नियमातच फरक होता. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेयरला डॉल्बी डिजिटल प्लस आणि ट्रूएचडी समजलाच पाहिजे अशी सक्ती, ब्लू-रेत ट्रूएचडी ऐच्छिक. फॉक्सच्या ब्लू-रेवर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असायचा, पण सुरुवातीच्या प्लेयरना तो पूर्ण उलगडता यायचा नाही, आतला साधा डीटीएस तेवढा वाजायचा. आज तो प्रश्न उरला नाही.

दोन गोष्टी कर. बऱ्याच एचडी डीव्हीडी लावल्या लावल्या डॉल्बी डिजिटल प्लस वाजवतात, ट्रूएचडी मेनूत जाऊन निवडावा लागतो. दुसरं, तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करून घे. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये संवादांच्या पातळीवरून एकूण आवाज खाली आणायची सोय असते, त्यामुळे डीटीएस किंवा पीसीएमचा ट्रॅक उगीच मोठा लागतो, आणि मोठं ते माणसाला चांगलं वाटतं. डॉक्टर दर वेळी मोठ्या आवाजाच्या बाजूने निकाल द्यायचे. मग मी रिसीव्हरचं बटण हळूच फिरवून ठेवायचो आणि निकाल बदलायचा.

स्फोटात आणि गोळीबारात फरक शोधू नको. पाऊस ऐक, रिकाम्या हॉलमध्ये बोललेलं वाक्य विरतं ते ऐक. ट्रूएचडी आणि ६४० तिथे वेगळे होतात. अर्थात हे थंडीत. मे महिन्यात रावेरला कूलर चालू असताना कुठलाही ट्रॅक लाव, वाळ्याच्या जाळीचा आवाज सगळ्यांना सारखंच करून टाकतो. आणि ४६ अंशात कूलर बंद कर म्हणणारा मी कोण?

नंदुरबारची_मिरची

एक सावध करते. जुन्या एचडी डीव्हीडी, त्यातही वॉर्नरच्या, न हाताळताही आतून खराब होतात अशी गोळा करणाऱ्यांची तक्रार आहे. मधेच चित्र अडकतं, मग प्लेयर डिस्कच ओळखत नाही. दादा, आहेत तोवर त्या आधी पाहून घ्या.

रावेरचा_केळीवाला

ताई, त्यातल्या दोन खरंच अर्ध्यावर थांबल्या, मी लेन्सला दोष देत होतो. काही डिस्क दोन्ही बाजूंनी चकाकतात, त्या काय आहेत? आणि प्लेयर ११० व्होल्टचा आहे, आमच्याकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज उसळतं.

अमळनेरचा_कॅसेटवाला

चकाकणाऱ्या बहुतेक कॉम्बो. एका बाजूला एचडी डीव्हीडी, उलटी केली की साधी डीव्हीडी. एचडी बाजूला विभागाचं कुलूप (म्हणजे ठरावीक देशांच्या प्लेयरवरच डिस्क चालण्याची अट) नाही, या फॉरमॅटला ते नव्हतंच. डीव्हीडीची बाजू मात्र अमेरिकेच्या विभाग १ ची असेल, आपला ५. आपल्याकडचे स्वस्त प्लेयर सहसा सगळं वाजवतात, लावून बघ. ब्लू-रे प्लेयरमध्ये एचडी बाजू घालायचा प्रयत्न करू नको. एलजी आणि सॅमसंगने दोन्ही चालवणारे मोजके प्लेयर काढले होते, बाकी कुणाला ती वाचता येत नाही.

विजेसाठी आधी स्टॅबिलायझर, त्याच्या पुढे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, मग प्लेयर. मागे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घे. स्वस्तातला ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको, दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा माग.

खोकं ठेव. जे सिनेमे तुला मनापासून आवडतात त्यांची ब्लू-रे बघून ठेव, कारण पुढे बऱ्याच सिनेमांची चित्रं मूळ फिल्मवरून नव्याने काढली गेली, आणि त्या फरकापुढे आपला हा वाद किरकोळ आहे. बाकीच्या वाजतील तोवर वाजव.

धुळेकर_आग्रारोड

बरं, भंगार मागे घेतो. पण ४के डिस्कला विभागाचं कुलूप नसतं हे खरं ना? माझा भाचा दिवाळीत अमेरिकेतून येतोय, त्याला यादी द्यायची आहे.

अमळनेरचा_कॅसेटवाला

खरं. ४के डिस्क कुठूनही आणा, चालते. पण त्या खोक्यात जोडीला साधी ब्लू-रे देतात ती अमेरिकेची, म्हणजे विभाग ए. आपला सी. काही कंपन्या कुलूप लावत नाहीत, काही लावतात, आणि ४के प्लेयर असला तरी साध्या ब्लू-रेसाठी तो कुलूप पाळतोच. यादी देताना भाच्याला तेवढं सांगा.