फेरो बेटे: राजा डेन्मार्कचा, मग मासळीचे करार कोणाचे?

प्रश्न:
डेन्मार्क १९७३ साली युरोपीय समुदायात गेला, पण त्याच राजसत्तेखालील, उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटे मात्र बाहेर राहिली. शिवाय १९४६ च्या सार्वमतात स्वातंत्र्याची बाजू वरचढ ठरूनही ती वेगळी झाली नाहीत. मग तिथला कारभार नेमका कोणाच्या हाती आहे?

प्रतिसाद १:
ती सरशी जेमतेम दीड टक्क्याची होती आणि कोरी व बाद मते धरली तर कोणत्याच बाजूला निम्मीही मते मिळाली नव्हती. डेन्मार्कच्या राजाने तिथली संसद, म्हणजे लोगटिंग, बरखास्त केली, नव्या निवडणुकीत डेन्मार्कसोबत राहू इच्छिणाऱ्यांचे बहुमत आले आणि १९४८ च्या कायद्याने स्वशासनाची तडजोड झाली. २००५ च्या कायद्यानंतर राज्यघटना, नागरिकत्व, सर्वोच्च न्यायालय, चलन, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण एवढे वगळता जवळजवळ कोणताही विषय लोगटिंगला आपल्याकडे घेता येतो.

प्रतिसाद २:
कागदावर परराष्ट्र धोरण कोपनहेगनचे असले, तरी मासळीचा प्रश्न आला की चित्र पालटते. २०१३ मध्ये फेरोने हेरिंग माशाच्या पकडीतला आपला वाटा स्वतःच वाढवून घेतला, तेव्हा युरोपीय संघाने तिथल्या हेरिंग आणि मॅकरेल माशांना आपली बंदरे बंद केली. त्यामुळे संघाचा सदस्य या नात्याने डेन्मार्कलाही आपल्याच राज्यातील बोटींना बंदरात मज्जाव करावा लागला. जागतिक व्यापार संघटनेत फेरोला स्वतंत्र सदस्यत्व नसल्याने त्यांच्या वतीने युरोपीय संघाविरुद्ध तक्रार नोंदवली तीही डेन्मार्कनेच! पुढच्या वर्षी तडजोड होऊन बंदी उठली. स्वशासनाची खरी कसोटी मला झेंड्यापेक्षा या हेरिंगमध्येच दिसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पण मग डेन्मार्कच्या संसदेत फेरोचे दोन खासदार कशाला?

प्रतिसाद १:
१७९ पैकी दोन म्हणजे नाममात्र, असे वाटते खरे. परंतु २०२२ च्या निवडणुकीत डाव्या गटाला मुख्य भूमीवर ८७ जागा मिळाल्या आणि ग्रीनलंडच्या दोन व फेरोची एक जागा जमेस धरल्यावरच बहुमताचा ९० चा आकडा गाठला गेला. त्या वेळी डेन्मार्कमध्ये मतदान १ नोव्हेंबरला झाले, फेरोमध्ये मात्र आदल्या दिवशीच, कारण १ नोव्हेंबर हा तिथे समुद्रात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो.