‘प्रेझेन्स’ला मराठीत काय म्हणायचं? उपस्थिती, सान्निध्य की अजून काही?

नगरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या युथ ग्रुपची पुढच्या महिन्यात रात्रभर प्रार्थना आहे आणि बॅनरवर काय छापायचं यावरून दोन तट पडलेत. एका गटाला ‘प्रभूच्या उपस्थितीचा शोध’ पाहिजे, दुसरे म्हणतात ‘सानिध्य’ लिहा, ते जास्त मराठी वाटतं. मला नुसत्या बॅनरची काळजी नाहीये खरं तर. आजकाल मीटिंग संपली की पोरं सहज बोलतात, आज काय उपस्थिती उतरली होती, किंवा आज काहीच जाणवलं नाही, आणि गेल्या वेळी एका मुलीने रडवेली होऊन मला विचारलं की बाकीच्यांना जाणवलं, मलाच नाही, म्हणजे प्रभू माझ्याकडे आलाच नाही का. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी जरा सांगा.

शब्दवेडा:
आधी शुद्धलेखन, कारण बॅनर एकदा छापला की छापला. सानिध्य नाही, सान्निध्य, न ला न जोडलेला. मूळ शब्द सन्निधी, म्हणजे अगदी जवळ असणं, त्यावरून सान्निध्य. उपस्थिती हा उप + स्था, जवळ उभं असणं. आणि तुमच्याकडे रविवारच्या भक्तीला जो शब्द आहे ना, उपासना, तो उप + आस्, म्हणजे जवळ बसणं. तिन्ही शब्दांच्या पोटात ‘जवळ’ आहेच. फक्त उपस्थितीतलं जवळपण वापरून वापरून झिजलं, आता तो शब्द हजेरीपट आणि कार्यक्रमपत्रिकेतल्या ‘प्रमुख उपस्थिती’कडे गेला. सान्निध्यात अजून ऊब आहे, आपण आईच्या सान्निध्यात म्हणतो, आईच्या उपस्थितीत म्हटलं तर काहीतरी समारंभ वाटतो.

सेमिनरीतला विद्यार्थी:
मी हिब्रू शिकतोय म्हणून थोडं लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, जिथे जिथे हा विषय येतो तिथे बहुतेक वेळा मूळ शब्द ‘पानीम’ असतो आणि त्याचा साधा अर्थ चेहरा, मुख. देवासमोर म्हणायचं तर हिब्रूत ‘लिफ्ने’, म्हणजे तोंडापुढे. निर्गम 33 मध्ये देव मोशेला सांगतो की मी तुझ्याबरोबर येईन, तिथे शब्दशः ‘माझं मुख जाईल’ असंच आहे. निवासमंडपात, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूत, मेजावर कायम ठेवायची भाकर असायची तिचं हिब्रू नाव ‘मुखाची भाकर’, आपल्या मराठी बायबलात ती समक्षतेची भाकर झाली. समक्ष म्हणजे डोळ्यांदेखत, मला हा शब्द फार आवडतो, पण वापरात राहिला नाही, आता फक्त ‘समक्ष भेटा’ एवढ्यापुरता उरला.

आता गंमत नाही, महत्त्वाचं सांगतो. 27वं स्तोत्र काढा. आठव्या वचनात देव म्हणतो माझं मुख शोधा, तिथे मराठीत दर्शन शब्द घेतलाय. लगेच नवव्यात दावीद विनवतो की आपलं मुख माझ्यापासून लपवू नकोस, तिथे मुख ठेवलंय. हिब्रूत दोन्हीकडे पानीमच. म्हणजे जो शोधतोय त्यालाच मुख लपल्यासारखं वाटतंय, एकाच प्रार्थनेत, एका श्वासात. जाणवत नसताना केलेली प्रार्थना हीसुद्धा बायबलात देवासमोरचीच प्रार्थना आहे. 22वं स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं सुरू होतं आणि प्रभू येशूने वधस्तंभावर तेच शब्द उच्चारले, ते देवालाच उद्देशून होते ना. त्या मुलीला हे नक्की सांगा.

आणि ‘उतरली’ या क्रियापदाबद्दल. मोशेच्या वेळी देव जवळ असल्याची खूण म्हणून मेघ उतरायचा, शलमोनाच्या मंदिरात मेघ इतका भरला की याजकांना उभं राहवेना, पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, अग्नीच्या जिभा दिसल्या, तेव्हा तो अनुभव कुणी खोटा म्हणू नये, मी तर मुळीच म्हणणार नाही. पण होरेब डोंगरावर एलीया संदेष्ट्यापुढून सोसाट्याचा वारा गेला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि त्या तिन्हींत परमेश्वर नव्हता असं तिथेच लिहिलंय, मग शांत, मंद वाणी. साऊंड सिस्टिम, कीबोर्डचा तो लांबवलेला सूर आणि अंगावर आलेला काटा यावरून आज देव होता की नव्हता हे ठरवायला लागलो तर एलीयाचं काय करायचं?

वसईकरीण:
आम्हा कॅथलिकांकडे याला जागाच ठरलेली आहे. चर्चमध्ये साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीच्या, पेटीजवळ दिवा तेवत असतो, तो पेटलेला दिसला की आत शिरताना गुडघा टेकायचा, मनाला काही वाटो न वाटो. मिस्सात, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, फादर म्हणतात ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ तेव्हाही ते कुणाला काय वाटतंय याची चौकशी नसते, ते सांगणं असतं. पवित्र गुरुवारी रात्री साक्रामेंत बाजूच्या वेदीवर नेतात आणि माणसं पाळीपाळीने बसून राहतात, अटकेच्या रात्री येशू गेथशेमानी बागेत प्रार्थना करत असताना शिष्य झोपले होते त्याची आठवण म्हणून. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना डुलकी लागते, माळ हातातच असते. दुसऱ्या दिवशी, येशूच्या मरणाच्या शुक्रवारी, मुख्य वेदीवरची ती पेटी रिकामी, दार उघडं, दिवा विझलेला. लहान पोरांनाही न सांगता कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. आमच्याकडे तासभर असं बसण्याला आराधना म्हणतात, तुमच्या युथच्या आराधनेत गाणी असतात, आमची बरीचशी गप्प असते, शब्द मात्र तोच.

पंढरीचा शेजारी:
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. दर्शन शब्द तुमच्या बायबलात आहे हे वाचून बरं वाटलं, मला वाटायचं तुम्ही तो मूर्तीमुळे टाळत असाल. आमच्याकडे तर सगळं पायांवर येऊन थांबतं, चरणी, पायापाशी.

नगरकर:
@पंढरीचा शेजारी, काहीजण टाळतात हे खरंय, पण चरण शब्द कुणी टाळला नाही! रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आमच्या उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं, त्यांना तुकोबांची भाषा परकी कधीच वाटली नाही. आणि हे लिहिताना आमच्या मंडळीतल्या आज्या आठवल्या. त्यांच्यातली एकही कधी उपस्थिती म्हणत नाही. पदर डोक्यावर घेऊन सुरू करतात, ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणाजवळ येतो’, आणि शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक, आमेन’. लूकच्या दहाव्या अध्यायात मरीया प्रभूच्या चरणांजवळ बसून वचन ऐकत राहते, तेच हे, आणि शब्दवेडा म्हणतायत तशी उपासनाही तीच. आपण इंग्रजी पुस्तकं वाचून प्रेझेन्सला नाम शोधत बसलो आणि मग ते नाम एखाद्या वस्तूसारखं झालं, आज मिळालं, आज नाही मिळालं. चरणाजवळ येतो म्हटलं की काम माझ्याकडे येतं, मी यायचं, बसायचं. ‘देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल’ असं याकोबाच्या पत्रातही आहे, तिथे जाणवेल असं वचन नाहीये, येईल असं आहे.

सेमिनरीतला विद्यार्थी:
एक्झॅक्टली. फक्त ‘शोध’ शब्द अगदीच काढू नका, बायबलात शोधा असं वारंवार आहे. पण तो हरवलेली चीज शोधण्यासारखा शोध नाही, आतुरतेने तोंड तिकडे वळवण्याचा आहे.

नगरकर:
बॅनरसाठी पाळकांना विचारलं, ‘प्रभूच्या चरणाजवळ’ एवढंच मोठ्या अक्षरात, खाली तारीख आणि वेळ. गाणी असतील, पण मध्यरात्रीनंतर एक तास वाद्यं बंद ठेवायची असं मी सुचवलंय, कीबोर्डवाल्याची थोडी नाराजी आहे पण तो तयार झाला. त्या मुलीला 27वं स्तोत्र वाचायला सांगितलंय.