जुन्या मैत्रीची नावे : गोव्यातील ख्रिस्ती वाचकांचे अनुभव

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले, तेव्हा लिस्बन सोडून त्यांना तेरा महिने झाले होते. युरोपातल्या सोबत्यांना लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती पडायला वर्षे लागत. १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की सोबत्यांच्या पत्रांवरच्या सह्या त्यांनी कापून घेतल्या असून त्या ते सदैव जवळ बाळगतात. पुढे त्यांच्या येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले ते जून १५५३ मध्ये. झेवियर त्याआधीच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले होते. आज आपला निरोप क्षणात पोहोचतो. तरीही जुन्या मित्राचे नाव आपण तितक्या निगुतीने जपतो का, फोनने हे जपणे सोपे केले की सैल केले, आणि आपल्या श्रद्धेने त्यात काय घडवले, हे वाचकांनी स्वतःच्या अनुभवातून लिहावे, अशी विनंती केली होती. आलेल्या मजकुरांतले काही मित्रांची नावे गाळून येथे देत आहे. आपणही लिहावे.

बार्देश, निवृत्त तारवटी

मी १९८४ पासून २०१९ पर्यंत बोटीवर होतो. पहिली काही वर्षे गावच्या मित्राची पत्रे कंपनीच्या एजंटमार्फत पुढच्या बंदरात मिळत, आणि बोटीचा मार्ग बदलला की ती मागेच राहत. नंतर आम्ही कॅसेट भरून पाठवू लागलो. शेवटच्या दहा वर्षांत बोटीवर इंटरनेट आले, पण ते मोजून मिळे, त्यामुळे व्हिडिओ कॉल परवडत नसे. मित्राचे शिक्षण बेताचे, टाइप करणे त्याला जमत नसे. म्हणून तो दर शनिवारी संध्याकाळी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, फाटकापाशी उभा राहून आमोरीची, म्हणजे सांजेच्या प्रार्थनेची, घंटा फोनवर रेकॉर्ड करून पाठवी. तीन ठोके, मग थोडी शांतता, परत तीन ठोके. त्या शांततेत कधी एखादी स्कूटर जाई, कधी कावळे ओरडत, आणि सर्वांत शेवटी त्याचे ‘ऐकलंस रे?’ एवढे दोनच शब्द येत. मी इंजिनरूमच्या जिन्यावर उभा राहून ती घंटा संपेपर्यंत प्रार्थना म्हणत असे. दोघांची घड्याळे वेगळी होती, पण प्रार्थना आम्ही दोघांनी मिळूनच म्हटली असे मी मानत आलो आहे.

फोंडा, परिचारिका

माझे माहेर नगर जिल्ह्यात, नर्सिंगचे शिक्षण मिरजेत झाले आणि लग्नानंतर मी फोंड्यात आले. प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षी रात्रपाळीत औषधाच्या नोंदीत माझ्याकडून चूक झाली. रुग्णाला अपाय झाला नाही, पण चौकशीच्या वेळी मी गप्प राहिले आणि बोलणी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने खाल्ली. त्यानंतर आमचे बोलणे तुटले. २०१९ मध्ये कोणीतरी आमच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात तीही होती आणि मीही. तिच्या वाढदिवसाला सगळ्यांबरोबर मीही फुलांची चित्रे पाठवत होते, आणि हा ग्रुप म्हणजे माझी लपण्याची जागा झाली आहे, हे मला आतून ठाऊक होते. सगळ्यांशी एकदम बोलताना कोणा एकीला तोंड द्यावे लागत नाही.

एका रविवारी प्रभुभोजनाआधी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला भाग वाचला गेला, की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र भाकर आणि प्याला न घेता मी बाकावरच बसून राहिले. घरी येऊन मजकूर लिहिला, पुसला, परत लिहिला. लिहिताना दर वेळी ‘तेव्हाची परिस्थितीच तशी होती’ असे काहीतरी आपोआप त्यात शिरत होते, म्हणून शेवटी फोनच लावला. तिने तो उचलला नाही. मग मी माझ्या आवाजात निरोप पाठवला, की चूक माझी होती, तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, मला क्षमा कर. दोन निळ्या खुणा त्याच रात्री दिसल्या. उत्तर मात्र चार दिवस आले नाही. क्षमा मागणाऱ्याला उत्तरावर हक्क सांगता येत नाही, हे त्या चार दिवसांत मला कळले. पाचव्या दिवशी एक फोटो आला. स्टीलचा चपटा डबा, त्याच्या झाकणावर माझ्या आईने घालून घेतलेले माझे माहेरचे नाव, घासून घासून अर्धे पुसट झालेले. खाली तिने लिहिले होते, ‘हा माझ्याकडेच राहिला. पोळ्या अजून यातच ठेवते.’

मडगाव, निवृत्त शिक्षिका

आमच्या शाळेच्या ग्रुपवर रोज सकाळी वचने, फुले आणि सुविचार यांचा पाऊस पडतो. ती पाठवणाऱ्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही, पण वाचणारे कोणी नाही. गेल्या वर्षी उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मी एकही मजकूर पुढे पाठवला नाही. त्याऐवजी रोज एका वर्गमित्राला किंवा मैत्रिणीला फोन केला. ग्रुपवर दररोज हसरी चिन्हे टाकणारी एक मैत्रीण दोन वर्षांपासून एकटीच राहते आणि तिची दृष्टी मंदावली आहे, हे मला एकोणिसाव्या दिवशी समजले. आम्ही एकाच शहरात राहतो.

वास्को, महाविद्यालयीन अध्यापक

एक सावधगिरी सांगावीशी वाटते. माझ्या बालमित्राने आपल्या मुलाच्या व्यसनाविषयी मला विश्वासाने सांगितले. मी तळमळीने ते प्रार्थनेसाठी आमच्या शंभराहून अधिक जणांच्या ग्रुपवर टाकले. हेतू चांगला होता, पण त्याचे गुपित उघडे करण्याचा अधिकार मला नव्हता. आता प्रार्थनेची विनंती पुढे देण्याआधी मी ज्याची ती आहे त्याला विचारतो. त्याने नको म्हटले, तर देवाला नाव ठाऊक आहे, एवढे पुरते.

पणजी, गृहिणी

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलमध्ये संत झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. २००४ आणि २०१४ च्या दर्शनाला आम्ही तिघी मैत्रिणी एकत्र गेलो होतो. या वेळी एक इंग्लंडहून आली, तिसरी सावंतवाडीहून येऊ शकली नाही. तिचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. रांगेत असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन उंच धरून तिला कॅथेड्रल, मांडव, भाविकांची रांग, सारे दाखवू लागले. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, ‘ते सगळं टीव्हीवर दिसतं गं. तुम्ही दोघी नीट दिसा.’ आम्ही फोन फिरवला आणि रांग पुढे सरकेपर्यंत तिघींनी मिळून एक ‘नमो मारिया’ म्हटली.